गच्चीवरचे ऊन आणि घरचा हिशेब

गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत की नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ती विकणाऱ्यालाच प्रथम विचारला जातो. सोने घ्यावे का, हे सराफाला विचारण्यासारखेच हे झाले. चौतीस वर्षे बँकेत लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे मला मात्र निराळी सवय जडली आहे. वस्तू किती उत्तम आहे हे पाहण्याआधी जागा कोणाच्या नावावर आहे, पैसा कोठून येणार आणि घेणारा त्या जागी किती वर्षे राहणार, हे पाहावयाचे. सौरऊर्जेच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसतात. ती घरातच शोधावी लागतात, आणि आमच्या घरात ती शोधावयास तब्बल सहा महिने लागले. परिचितांपैकी अनेकजण सध्या याच विचारात आहेत, म्हणून त्या सहा महिन्यांची हकीकत थोड्या तपशिलाने लिहीत आहे.

भिवंडीच्या माणसाला विजेचे मोल पटवून द्यावे लागत नाही. येथे हजारो घरांची चूल मागावर पेटते आणि माग विजेवर चालतो. वीस वर्षांपूर्वीच्या भारनियमनाच्या काळात मागांची खटखट एकाएकी थांबली की सगळी गल्ली बाहेर ओट्यावर येऊन बसत असे. त्या शांततेत कोणालाही शांत वाटत नसे. २६ जानेवारी २००७ पासून येथील वीजवितरणाचे काम महावितरणने टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपविले. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग होता. परवाना महावितरणचाच राहिला. मीटर, बिल आणि वसुली यांचे काम कंपनीकडे गेले. पुढे १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने यंत्रमागांसाठी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना याच शहरात जाहीर केली, तेव्हा तीत मागवाल्यांसाठी सौरऊर्जेचे साहाय्यही होते. म्हणजे ‘सोलर’ हा शब्द आमच्या गावाला नवा नव्हता. तथापि तो कारखान्याच्या पत्र्याशी जोडलेला होता. घराच्या गच्चीवर त्यावेळी पाण्याची टाकी, अँटेना आणि वाळवण एवढेच असे.

घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने हिशेब बदलला तो २०२४ मध्ये. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली आणि महिनाअखेर मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चास व एक कोटी घरांच्या उद्दिष्टास मंजुरी दिली. अनुदानाची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, आणि त्यापुढे संच कितीही मोठा बसवला तरी एकूण अनुदान ७८,००० रुपयांच्या वर जात नाही. हे पैसे विक्रेत्याला न मिळता ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. मात्र पॅनेल आणि त्यांतील सेल भारतात बनलेले असावे लागतात. त्याच महिन्यात वीज ग्राहक हक्कांच्या नियमांतही दुरुस्ती झाली आणि १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची जी तपासणी आधी लागत असे, ती रद्द झाली. ज्यांनी पूर्वी हे अर्ज केले आहेत, त्यांना या एका दुरुस्तीचे महत्त्व कळेल.

आता आमचे घर. वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, सांगली जिल्ह्यातून सुताच्या पेढीवर नोकरीसाठी भिवंडीत आले आणि १९७८ मध्ये कामतघरच्या बाजूस त्यांनी हे एकमजली घर बांधले. खाली धाकटा भाऊ व वहिनी, वर मी, सौभाग्यवती, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मीटर दोन, गच्ची एक. मुलाने योजनेची बातमी वाचली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका विक्रेत्याला घरी बोलावले. त्या गृहस्थांनी गच्ची पावलांनी मोजली आणि ‘पाच किलोवॅट आरामात बसेल’ असे सांगून टाकले. बिल किती येते, हे त्यांनी विचारलेच नाही.

मला हेच खटकले. गच्चीवर किती मावते यावरून संच ठरवावयाचा, की घरात किती लागते यावरून? वाणिज्य शाखेत आम्हाला सीमान्त खर्च आणि सीमान्त लाभ शिकवले जाई. म्हणजे एकूण फायदा किती हे न पाहता शेवटचा रुपया किती फायदा देतो ते पाहावयाचे. हे तत्त्व सौर संचाला जितके चपखल लागू पडते तितके क्वचितच कोठे पडत असेल, कारण आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० युनिटांना तो जवळपास दुप्पट होतो आणि ३०० च्या पुढे पहिल्या टप्प्याच्या सुमारे अडीचपटीवर जातो. सौर पॅनेलची वीज बिलातून वजा होते ती वरच्या बाजूने, म्हणजे सर्वांत महाग युनिट सर्वप्रथम कमी होतात. पहिला किलोवॅट सर्वाधिक बचत करतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. ज्याचे बिल मुळातच शंभर युनिटांच्या आत आहे, त्याला सौरऊर्जेने फारसे काही मिळत नाही, आणि तसे त्याला स्पष्ट सांगणारा विक्रेता मला अद्याप भेटलेला नाही.

मी मागील दोन वर्षांची चोवीस बिले काढून वहीत उतरवली. वरच्या मजल्याची सरासरी महिन्याला ३८० युनिट निघाली, उन्हाळ्यात ५०० च्या वर आणि जानेवारीत २६० पर्यंत. बिलाची सरासरी पाच हजारांच्या थोडी खाली. एक किलोवॅटचा संच आपल्या भागात दिवसाला साधारण चार युनिट देतो असे धरले जाते. पावसाळ्याचे चार महिने हिशेबात घेतले आणि पश्चिमेकडच्या सातमजली इमारतीची सावली चार वाजल्यापासून गच्चीवर येते तीही वजा केली, तर तीन किलोवॅटपासून महिन्याला सरासरी ३३० युनिट मिळावेत असा माझा अंदाज आला. म्हणजे उरतात पन्नास युनिट, आणि तीही सर्वांत स्वस्त टप्प्यातली. त्या पन्नास युनिटांसाठी आणखी दोन किलोवॅट बसवणे म्हणजे विनाअनुदान लाख रुपयांहून अधिक खर्चून महिन्याला तीन-साडेतीनशे रुपये वाचवणे. असा प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठविला असता.

वर्षभरात वापरापेक्षा जास्त वीज झाली तर ती विकता येते, असे या ठिकाणी हमखास सांगण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. नेट मीटरच्या पद्धतीत या महिन्याची शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात, ही मोठीच सोय आहे. एप्रिलमधील शिल्लक जुलैच्या ढगाळ दिवसांत कामी येते. पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि त्या दिवशी जी शिल्लक उरेल तिला मिळणारा दर आपण वीज घेताना मोजतो त्या दराच्या जवळपासही नसतो. घराची गच्ची म्हणजे वीजनिर्मितीचा धंदा नव्हे. तसेच ‘शून्य बिल’ हा शब्दही जपून ऐकावा. स्थिर आकार दरमहा द्यावाच लागतो.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे लहानसे गाव आहे. २०२४ मध्ये ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले. तेथील १०२ कुटुंबांसाठी मिळून ११२ किलोवॅटचे संच बसविण्यात आले. भागाकार केला तर घरटी एक किलोवॅटपेक्षा जेमतेम जास्त पडते. खेड्यातल्या घराची गरज तेवढीच, म्हणून संचही तेवढाच. विक्रेत्यांच्या पाच आणि आठ किलोवॅटच्या प्रस्तावांपुढे मला हा भागाकार अधिक शहाणपणाचा वाटला. आम्ही तीन किलोवॅटवर ठाम राहिलो.

पैशाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. चार विक्रेत्यांचे भाव १,८५,००० पासून २,३०,००० पर्यंत आले. भावातील फरक पॅनेलपेक्षा सांगाडा, वायरी आणि अर्थिंग यांच्या दर्जात अधिक होता, आणि नेमक्या याच तीन गोष्टी गिऱ्हाईक पाहत नाही. आम्ही १,९८,००० चा प्रस्ताव घेतला. अनुदान वजा जाता १,२०,००० उरले. वर्षाची बचत पन्नास हजारांच्या आसपास. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांनी बदलावा लागेल म्हणून दरमहा तीनशे रुपये बाजूला ठेवले तरी तीन वर्षांच्या आत रक्कम वसूल होते. एवढीच रक्कम सात टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवली तर वर्षाला ८,४०० रुपये मिळतात आणि त्यावर आयकर लागतो. न आलेल्या बिलावर आयकर लागत नाही. मात्र ज्येष्ठ नागरिकांनी ही तुलना करताना एक भान ठेवावे. ठेवीचे मुद्दल अडीअडचणीला परत मिळते, पॅनेलचे मिळत नाही. औषधपाण्यासाठी राखलेली ठेव मोडून हा खर्च करू नये. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात आणि त्याचा दर रेपो दराशी निगडित असल्यामुळे सामान्य वैयक्तिक कर्जापेक्षा पुष्कळच कमी असतो. हप्ता बिलातील बचतीतूनच भागतो. आमच्यानंतर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सौर पॅनेलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही नव्याने घेणाऱ्यांनी भाव ठरवताना विसरू नये.

खरी अडचण वेगळीच निघाली. दोन्ही मीटर आण्णांच्या नावावर होते.

आण्णा २००९ मध्ये गेले. त्यानंतर पंधरा वर्षे दरमहा त्यांच्या नावाने बिल येत होते आणि आम्ही ते भरत होतो. कोणाच्या घरात असे नाही? बिल भरले की प्रश्न मिटला, असेच सर्वजण मानतात. परंतु अनुदान ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावयाचे असल्याने बिलावरील नाव, ओळखपत्रावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकच असावे लागते. म्हणजे प्रथम मीटर माझ्या नावावर करणे आले, आणि त्यासाठी इतर वारसांची हरकत नसल्याचे पत्र.

वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही, हे कायद्याने स्पष्ट आहे. पण बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, माणसे त्याकडे मालकीचा पुरावा म्हणूनच पाहतात. पत्त्याला लाईट बिल, शाळेच्या प्रवेशाला लाईट बिल, रेशनकार्डाला लाईट बिल. ज्याचे नाव बिलावर, त्याचे घर, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. धाकट्याला मी गोष्ट सांगितली तेव्हा तो काही वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, “दादा, बिलावरचं नाव बदलायचं म्हणजे घरावरचं पण बदलायचं का?” त्याच्या आवाजात राग नव्हता. पण हा प्रश्न त्याने पंधरा वर्षे मनात ठेवलेला असावा, असे मला वाटून गेले. महापालिकेच्या घरपट्टीवरही अद्याप आण्णांचेच नाव होते. आम्ही दोघे भाऊ एका छताखाली इतकी वर्षे गोडीने राहिलो त्याचे एक कारण कदाचित हेही असेल, की हा विषय कोणीच काढला नाही.

सांगलीला मोठी बहीण आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. आक्काने कधी काही मागितले नव्हते, म्हणून तिला विचारावयाचेच नाही, हे मला मान्य नव्हते. फोनवर सविस्तर बोललो. ती म्हणाली, “नाव खुशाल बदला, पण आधी कागद करा. आज आपण काय बोललो ते उद्या पोरांना ठाऊक नसणार.” शिक्षण सातवीपर्यंत झालेल्या माझ्या बहिणीने वकिलापेक्षा चांगला सल्ला दिला.

त्याप्रमाणे दिवाळीत ती आली असता मुद्रांक कागदावर संमतिपत्र केले. मीटरच्या नावातील बदलाने कोणाच्याही मालकीहक्कात काहीही बदल होत नाही, हे पहिल्या कलमात लिहिले. खालचे मीटर भावाच्या आणि वरचे माझ्या नावावर, दोन्ही अर्ज एकाच दिवशी करावयाचे. गच्ची तिघांच्या समाईक हक्काची. माझा संच तीनशे चौरस फुटांपेक्षा अधिक जागा घेणार नाही. भावास पुढे कधीही स्वतःचा संच बसवावयाचा झाल्यास शंभर चौरस फूट जागा त्याच्यासाठी राखीव. घराचा पुनर्विकास किंवा विक्री ठरल्यास पॅनेल काढून नेण्याचा खर्च माझा. एवढे कागदावर आले आणि घरातील हवा मोकळी झाली. आण्णांच्या नावाचे शेवटचे बिल सौभाग्यवतीने देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवले आहे. मी त्यावर काही बोललो नाही.

गच्चीच्या वापराचा प्रश्नही घरातच सोडवावा लागला. सौभाग्यवतीचे आणि वहिनीचे म्हणणे रास्त होते: पापड, सांडगे, शेवया कोठे वाळवावयाच्या? विक्रेत्याने आठ फूट उंच सांगाडा सुचविला, खाली हिंडावयास जागा राहते म्हणून. पण खाली सावली पडली तर वाळवणाला त्या जागेचा उपयोग काय? आपल्याकडे पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात आणि त्यांची सावली मागे, उत्तरेकडे पडते. म्हणून आम्ही सहाही पॅनेल उत्तर कठड्याला लागून घेतली. सावली कठड्यापलीकडे जाते आणि दक्षिणेकडची अर्धी गच्ची पूर्वीसारखीच उन्हात राहते. सेहेचाळीस वर्षांचा स्लॅब म्हणून स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेतला आणि गच्चीला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारला. जलरोधक थर एकदा फुटला की सौर विजेची बचत गळतीच्या दुरुस्तीत जाते.

शेजारच्या इमारतीच्या सावलीविषयी एक इशारा देतो. भिवंडीत आज जुनी घरे पाडून मजल्यांवर मजले चढत आहेत. उद्या आपल्या दक्षिणेला उंच इमारत आली तर काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा प्रकाशाचा हक्क मानतो, पण तो इमारतीस वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या प्रकाशाविषयी आहे. गेल्या वर्षी बसवलेल्या पॅनेलला त्याचा आधार मिळेल असे धरून चालू नये. सभोवतालच्या जागांवर काय बांधले जाणार आहे, याची चौकशी आधीच करावी.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तो जवळजवळ सर्वांचा असतो. वीज गेली तर आपल्या घरात दिवे राहतील, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. साधा, बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज जाताच आपणहून बंद पडतो, मग ऊन कितीही कडक असो. हा दोष नाही, ती सुरक्षेची योजना आहे. तारेवर दुरुस्ती करणारा वायरमन वीज बंद आहे असे समजून काम करीत असतो. त्याच वेळी एखाद्या गच्चीवरून वीज तारेत आली तर त्याच्या जिवाशी गाठ पडेल. बॅटरीचा संच घेता येतो, पण त्याने खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. आमच्याकडे आता वीज क्वचित जाते, म्हणून आम्ही बॅटरी घेतली नाही.

भिवंडीची म्हणून जी खास अडचण आहे ती धुळीची. येथील धूळ साधी नसते. मागांवरून उडालेला कापसाचा तंतू, सायझिंगच्या धुराड्यांतली काजळी आणि गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांनी उडवलेली माती, या तिन्हींचा मिळून पॅनेलवर एक मऊ, चिकट थर बसतो. पहाटेच्या दवाने तो अधिकच घट्ट होतो. कोरड्या महिन्यांत आम्ही दर पंधरा दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी, मऊ फडक्याने पॅनेल धुतो. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी तसेच वाळू देऊ नये, डाग राहतात. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी वीज सुमारे दहाव्या हिश्शाने वाढलेली मला वहीत अनेकदा दिसली आहे. चार बादल्या पाण्यात एवढे काम होते. पाइप लावून तासभर पाणी सोडण्याची गरज नाही.

कबुतरांचेही सांगतो, कारण आपल्या घरांत गच्चीवर दाणा टाकण्याची प्रथा आहे. पॅनेलखालची सावलीची जागा कबुतरांना घरट्यासाठी फार पसंत पडते. विष्ठेने पॅनेल खराब होतात, हा भाग निराळा. पण एकदा घरट्यात अंडी झाली की ते हलवणे आपल्यापैकी कोणाच्याच मनाला पटणार नाही, आणि दुरुस्तीची वेळ नेमकी तेव्हाच येते. म्हणून पॅनेल बसवतानाच चारही बाजूंनी जाळी लावून घ्यावी. आम्ही दाण्याची जागा कठड्याच्या दुसऱ्या टोकास हलवली. पक्ष्यांनी दोन दिवसांत ती स्वीकारली.

वाचकांपैकी बहुसंख्य सदनिकांत राहतात, त्यांना वरील हकीकत गैरलागू वाटेल. सदनिकेत गच्ची एकट्याची नसते, संस्थेची असते, आणि वरच्या मजल्यावरील सभासदाचा तीवर अधिक हक्क नसतो. तथापि लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी संस्थेला दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. देखभाल खर्चातला मोठा वाटा याच मीटरचा असतो. सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र नीट लिहून घ्यावा. मंदिर, पाठशाळा, वसतिगृहे यांना ही योजना लागू नाही, कारण ती निवासी ग्राहकांसाठी आहे. विश्वस्तांनी विनाअनुदान हिशेब मांडावा. दिवसा वापर जास्त असलेल्या वसतिगृहांना तसाही तो परवडू शकतो. शिर्डीच्या संस्थानाने २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून हजारो भक्तांचा स्वयंपाक करणारी व्यवस्था उभारली, ती तर या अनुदानाच्या कितीतरी आधीची.

जगात इतरत्र हे फार पुढे गेले आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे दर तीन घरांपैकी एकाच्या छपरावर पॅनेल आहेत. शेजारच्या पाकिस्तानात वीज इतकी महागली की लोकांनी आपणहून पॅनेल आणून छपरे भरून टाकली. आपल्याकडे गुजरात पहिला आणि महाराष्ट्र दुसरा आहे. आमच्या सहा पॅनेलांमुळे वर्षाला अडीच टनांच्या आसपास कोळसा जळावयाचा वाचत असावा. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे ढोबळमानाने साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. चंद्रपूरला बदलीवर असताना घराच्या खिडकीच्या चौकटीवर रोज काळी भुकटी पुसलेली मला आठवते. आमचा निर्णय यामुळे झाला असे मात्र मी म्हणणार नाही. तो बिलामुळे झाला.

संच जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. एप्रिलमध्ये ४०६ युनिट मिळाली, जुलैमध्ये अवघी २०४. वर्षाची सरासरी माझ्या अंदाजाहून चार युनिटांनी कमी आली, एवढा फरक मी माझ्या वहीला माफ केला आहे. पहिल्या उन्हाळ्यातच मुलाने दुसऱ्या वातानुकूलन यंत्राचा विषय काढला होता: “बाबा, आता वीज फुकटच आहे ना?” हीच या प्रकरणातील सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि ती कोणत्याही विक्रेत्याच्या कागदावर नसते. वाचवलेले बिल नव्या यंत्राच्या वापरात जाते आणि तीन वर्षांची परतफेड सात वर्षांवर सरकते. भोगोपभोगाचे परिमाण आपल्या श्रावकाचारात कशासाठी सांगितले आहे, ते वीजबिल समोर ठेवले की फार सोपेपणाने समजते. यंत्र आले नाही. सुनेने संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी इंडक्शन शेगडीवर करावयास सुरुवात केली आहे आणि गॅसचे सिलिंडर जवळपास दुप्पट काळ जात आहे. त्यामुळे वाढलेली वीस-पंचवीस युनिट मी आनंदाने सोसतो.

भावाने अद्याप संच बसवलेला नाही. त्याचा वापर महिन्याला १४० युनिटांचा. एक किलोवॅटचा संच त्यालाही तीन-चार वर्षांत परतफेड देईल, असे मी त्याला आकड्यांनिशी दाखवले. त्याने आकडे मान्य केले. पण त्याचा मुलगा पुण्यास स्थायिक झाला आहे आणि आईवडिलांनी तिकडेच यावे असा त्याचा आग्रह चालू आहे. किती वर्षे येथे राहावयाचे, हेच ज्याचे ठरलेले नाही त्याने पंचवीस वर्षांच्या वस्तूत पैसा घालू नये, हे मी त्याच्याशी बोलताना कबूल केले. संमतिपत्राप्रमाणे त्याची शंभर चौरस फूट जागा पूर्वेच्या बाजूस चुन्याच्या रेघेने आखून ठेवली आहे. तूर्त वहिनी तेथे सांडगे वाळवत असतात.